गोळ्यांच्या डब्याशेजारी एक टेप ठेवा

स्किझोफ्रेनियाचं निदान झालं की घरातलं पहिलं वर्ष झोप, संशय, कानात येणारे आवाज आणि 'गोळी घेतली का?' या प्रश्नातच निघून जातं. मग औषध लागू पडतं. माणूस चार घास नीट जेवतो, रात्री झोपतो, दाराची कडी वाजली तरी दचकत नाही. गणपतीला आलेली मावशी म्हणते, "तब्येत सुधारली हो!" आपल्याकडे अंगाला लागणं हे बरं होण्याचं लक्षण मानतात. त्यामुळे वर्षभरात पँट दोनदा सैल करून घ्यावी लागली तरी कुणाला वावगं वाटत नाही.

वाटायला हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात. त्यात आत्महत्येचा वाटा आहेच, पण मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात यांसारख्या शारीरिक आजारांचा आहे. म्हणजे जे वेळीच सापडलं तर आवरता येतं, त्यानेच ही माणसं जातात.

म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या अशा प्रत्येक घराला एकच सांगणं आहे: मनाचं औषध जोवर चालू आहे, तोवर शरीराची मोजमापंही चालू ठेवा.

पाच आकडे पाठ करा

खाल्लेल्या अन्नातली साखर आणि चरबी शरीर कशी वापरतं, कुठे साठवतं, त्या कारभाराला चयापचय म्हणतात. तो बिघडतोय की नाही, हे पाच आकड्यांवरून कळतं.

१. कंबर: पुरुषांची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. हे माप आपल्या भारतीय बांध्यासाठीचं आहे.
२. रक्तदाब: १३०/८५ किंवा त्यावर.
३. उपाशीपोटीची साखर: १०० किंवा त्यावर. १२६ किंवा त्यावर आली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर तो मधुमेह.
४. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी: १५० किंवा त्यावर.
५. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल: पुरुषांत ४० पेक्षा, बायकांत ५० पेक्षा कमी.

पाचांपैकी तीन बिघडले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पण तीनची वाट बघू नका, एक बिघडला तरी बोला.

"आमचा तर काटकुळा आहे," असं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा एक फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण चरबी पोटात दडलेली असते. म्हणून वजनकाट्याइतकीच टेप महत्त्वाची.

ती लावायची रीतही ठरलेली आहे. शिंप्याकडे असते तसली कापडी टेप घ्या. सकाळी, काही खाण्याआधी, सरळ उभं राहायचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप उघड्या अंगावर फिरवायची, पँटच्या पट्ट्याच्या जागी नाही. पट्टा नेहमी पोटाखाली सरकलेला असतो आणि माप खोटं येतं. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायची नाही. आकडा तारखेसह वहीत लिहायचा. वजनासाठी घरचा किंवा दवाखान्यातला एकच काटा ठरवा. आज स्टेशनावरच्या लुकलुकत्या मशीनवर आणि पुढच्या महिन्यात वाण्याच्या काट्यावर, असं केलं तर हाती काहीच लागत नाही.

हे होतं कशामुळे?

सगळा दोष गोळ्यांचा, असं नाही. इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉडस्ली यांनी १८७९ सालीच नोंदवलं होतं की ज्या घराण्यांत वेड असतं तिथे मधुमेहही वारंवार दिसतो. पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझीन, त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, १९५२ मध्ये आलं. म्हणजे या आजाराची आणि साखरेची सोयरीक औषधांच्या आधीपासूनची आहे. त्यात विस्कटलेली झोप, दिवसभर खाटेवर पडून राहणं आणि तंबाखू यांची भर पडते.

औषधांचा वाटा मात्र मोठा आहे, आणि सगळ्या औषधांचा सारखा नाही. वजन आणि साखर सर्वांत जास्त वाढवणारी दोन म्हणजे क्लोझापीन आणि ओलान्झापीन. क्वेटियापीन, रिस्पेरिडोन मधली. अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन आणि जुन्यातलं हॅलोपेरिडॉल त्या मानाने कमी. मूड सावरायला दिलेलं व्हॅलप्रोएटही वजन वाढवतं. यांतली काही औषधं मेंदूतल्या पोट भरल्याची खूण देणाऱ्या जागा अडवतात, त्यामुळे दोन पोळ्या जास्त खाऊनही माणसाला खरोखरच भूक लागते. त्याला हावरट म्हणू नका. ती भूक गोळीची आहे.

हे वाचून गोळी बंद करायचा विचार मनात आला असेल, तर तो आत्ताच बाजूला ठेवा. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६२,२५० रुग्णांची वीस वर्षांपर्यंतची माहिती तपासली गेली. औषध घेत असतानाच्या काळात मृत्यूचं प्रमाण औषध नसतानाच्या काळापेक्षा कमी आढळलं, आणि सर्वांत कमी क्लोझापीनवर, वजन वाढवण्यात ते बदनाम असूनही. औषध सोडलं की आजार उलटतो, आणि उलटलेल्या आजारात माणूस ना नीट खातो, ना झोपतो, ना साखरेची गोळी घेतो. तेव्हा गोळी सोडायची नाही, पण तिच्यावर पहारा ठेवायचा.

तपासण्यांचं वेळापत्रक

अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ साली मिळून एक वेळापत्रक दिलं. जगभरचे डॉक्टर थोड्याफार फरकाने आजही तेच वापरतात. घरासाठी त्याचं सोपं रूप असं:

- औषध सुरू करताना किंवा बदलताना: वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी.
- पहिले तीन महिने: दर चार आठवड्यांनी वजन. कंबरही तेव्हाच मोजून टाका.
- तिसऱ्या महिन्याच्या शेवटी: रक्तदाब, साखर आणि लिपिड पुन्हा.
- त्यानंतर: दर तीन महिन्यांनी वजन आणि कंबर, वर्षातून एकदा बाकी सगळं. एखादा आकडा बिघडलेला असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के वाढ ही धोक्याची घंटा. साठ किलोच्या माणसासाठी ते फक्त तीन किलो होतात. वजन पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने चढतं, आणि रोखायला सोपंही तेव्हाच असतं. ज्यांना महिन्याचं इंजेक्शन असतं, त्यांनी इंजेक्शनचा दिवस हाच वजनाचा दिवस ठरवून टाकावा.

वार्षिक तारीख विसरू नये म्हणून ती २४ मेला, जागतिक स्किझोफ्रेनिया दिनाला, बांधून टाका.

एका माणसाच्या दोन फायली

आपल्या भागात डॉक्टरांची वाण नाही. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे., पलीकडे शीवचं टिळक रुग्णालय, या सगळ्यांत मनोविकार विभागही आहे आणि मेडिसिनही. अडचण वेगळीच आहे. मनोविकार विभागात विचारतात, "झोप कशी आहे, आवाज येतात का?" मेडिसिनच्या ओपीडीत 'सायकियाट्रीचा पेशंट' म्हटलं की छातीतली जळजळसुद्धा मनाच्या खात्यावर जमा होते. माणूस एक, फायली दोन, आणि कंबर कुठल्याच फायलीत नाही.

खरं तर मन आणि हृदय यांची गाठ याच परळमध्ये फार पूर्वी पडली आहे. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवून दिलं. पुढे त्याच सर्पगंधेतून काढलेलं रेसर्पीन १९५०च्या दशकात स्किझोफ्रेनियावरही वापरलं गेलं.

दोन फायली जोडायचं काम घरच्यांनाच करावं लागतं, आणि त्याला एक दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर सगळ्या औषधांची नावं, डोस आणि सुरू केल्याची तारीख. पुढे पाच आकड्यांचे रकाने. ही वही दोन्ही विभागांत डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवायची. गर्दीच्या ओपीडीत वेळ थोडाच मिळतो, म्हणून वाक्य घरूनच ठरवून जा: "डॉक्टर, गोळी बदलल्यापासून तीन महिन्यांत वजन चार किलोने वाढलंय, कंबर ९६ झालीय. साखर आणि लिपिड लिहून द्याल का?" आकडा पुढे केला की उत्तर मिळतं, "जरा जाड झालाय हो" म्हटलं की हवेत विरतं.

विचारण्यात संकोच कसला? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो की आरोग्यसेवा देताना मानसिक आजाराच्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसाच्या बरोबरीनेच वागवायला हवं. विचारलं नाही तर काय होतं, तेही मोजलं गेलं आहे. स्किझोफ्रेनियाच्या औषधांची तुलना करणारा 'केटी' नावाचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात दाखल होतानाच मधुमेह असलेल्यांपैकी ३०, उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ६२ आणि रक्तातली चरबी बिघडलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांना त्यावर काहीच औषध चालू नव्हतं.

मोठ्या रुग्णालयाची रांग झेपत नसेल, तर रक्तदाब आणि साखर जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा 'आपला दवाखाना'त तपासून घ्या आणि कागद वहीत लावा.

स्वयंपाकघर: सगळ्यांचं ताट बदला

एकट्या आजाऱ्याला उकडलेलं आणि बाकीच्यांना बटाटावडा, हे आठवडाभरही टिकत नाही. बदल घराचा हवा.

सुरुवात चहापासून करा. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे म्हटलं तर बारा चमचे साखर होते, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. कप चारावर आणा, साखर एका चमच्यावर, मग अर्ध्यावर. सोबतची खारी, बटर, ग्लुकोज बिस्किटं बंद. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि हात कोल्ड्रिंककडे जातो. अडीचशे मिलीच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. घरात पाण्याची बाटली, पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी आणि चघळायला बडीशेप ठेवा.

मग रात्रीची वेळ. हा प्रसंग कित्येक घरांत रोज घडतो: साडेआठला जेवण, नऊला ओलान्झापीन, आणि साडेदहाला फडताळाचं दार वाजतं. लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेला अर्धा किलो चिवडा तीन रात्रींत संपतो. यावर ओरडून उपयोग नाही, भांडी हलवा. फरसाणाचे डबे घरात आणूच नका, आणलेच तर शंभर ग्रॅमची पुडी आणा. रात्रीचं जेवण आणि गोळी यांत अंतर कमी ठेवा. फडताळात समोर दिसेल अशी एक वाटी तयार ठेवा: उकडलेले काळे चणे, काकडी-गाजराचे काप, मूठभर फुटाणे. भूक लागणारच आहे, हाताला काय लागावं एवढं आपल्या हातात आहे.

ताटाचा हिशेब सोपा ठेवा: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उसळ, अंडं किंवा मासे, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. मोड आलेली मटकी, पिठलं, बांगड्याचं कालवण, मांदेली, हे आपल्याच घरचं आहे, त्यासाठी महागडी पावडर नको. मासा तळून खाण्यापेक्षा कालवणातला बरा.

उपासाचं वेगळं सांगायला हवं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळं, असा उपास रोजच्या जेवणापेक्षा साखरेला जड जातो. आणि उपास असला तरी गोळी घ्यायचीच. साखरेची गोळी चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळ रात्रभर जागं असतं. तुमच्या घरातल्या या माणसाची गोळी आणि झोप मात्र नेहमीच्याच वेळेला व्हायला हवी. मोदक एक खाल्ला तर बिघडत नाही, जागरणाने बिघडतं.

चालणं: एक फेरी, पण रोज

"आळशी झालाय नुसता," ही तक्रार सगळ्याच घरांत असते. ओढ नाहीशी होणं हे या आजाराचंच लक्षण आहे, वर औषधाची गुंगी. त्यामुळे "जा, फिरून ये" म्हणून भागत नाही, "चल, जाऊ या" म्हणावं लागतं.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी सुमारे १.१७ किलोमीटर भरते. पहिला आठवडा फक्त एक फेरी, तीही बोलता येईल इतक्या वेगाने. महिन्याभरात तीन फेऱ्या झाल्या की साडेतीन किलोमीटर झाले. गिरगावकरांना चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह आहे, परळकरांना कामगार मैदान, भायखळ्याकडच्यांना राणीबाग. पावसाळ्यात चाळीची लांब गॅलरी किंवा टॉवरचा पोडियम. सकाळी डोळे उघडत नसतील तर संध्याकाळी जा, आणि रात्रीची गोळी थोडी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गर्दीने बिचकणारा असेल तर दुपारी चारची निवांत वेळ निवडा. आठवड्याला १५० मिनिटं हे अंतिम ध्येय, पण पहिल्या महिन्यात मिनिटं मोजू नका, दिवस मोजा.

याने खरंच काही होतं का? २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तीव्र मानसिक आजार असलेल्या २९१ जणांपैकी ज्यांना गटाने व्यायाम आणि आहाराचं मार्गदर्शन मिळालं, त्यांचं वजन अठरा महिन्यांत इतरांच्या तुलनेत सरासरी ३.२ किलोने जास्त उतरलं. आकडा छोटा वाटेल. पण या माणसांचं वजन गोळ्या चालू ठेवून उतरलं, हे लक्षात घ्या.

घरातल्या बाईला हा आजार असेल तर ती या सगळ्यातून हमखास सुटते. तिला फिरायला कुणी नेत नाही, उरलंसुरलं तीच संपवते. तिची कंबर मोजा. पाळी लांबली किंवा थांबली तर तेही सांगा, रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइडसारख्या औषधांनी तसं होऊ शकतं.

विडी-सिगारेटचा एक महत्त्वाचा मुद्दा

तंबाखू सोडायलाच हवा, पण कसा, ते समजून घ्या. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापीन आणि ओलान्झापीन लवकर संपवतं. धूर अचानक थांबला की त्याच डोसने रक्तातलं औषध आठवड्याभरात वाढू शकतं: गुंगी, लाळ गळणं, क्लोझापीनच्या बाबतीत झटकेसुद्धा. म्हणून विडी सोडायचं ठरलं की आधी मनोविकारतज्ज्ञांना सांगा, ते डोस जुळवून देतील. पुन्हा ओढायला लागला तर तेही सांगा. चुना-तंबाखू आणि मशेरी यांनी हा औषधाचा हिशेब बदलत नाही, कारण तो खेळ धुराचा आहे. तोंडाचा कर्करोग मात्र त्यांनी होतो, तेव्हा ती पळवाट नव्हे.

डॉक्टरांना विचारण्यासारखं आणखी

वजन वाढतच राहिलं तर दोन प्रश्न जरूर विचारा. कमी वजन वाढवणारं दुसरं औषध चालेल का? आणि मेटफॉर्मिन देता येईल का? ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी औषधाने चढणारं वजन रोखायलाही वापरतात. चीनमधल्या २००८ सालच्या अभ्यासात मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायाम ही जोडी सर्वांत गुणकारी ठरली. सुरुवातीला पोट बिघडू शकतं, मूत्रपिंडाची तपासणी लागते, आणि पुढे बी-१२ वर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊ नका.

हल्ली कीटो आहाराची, म्हणजे भात-पोळी जवळजवळ बंद करून चरबी वाढवण्याचीही चर्चा आहे. स्टॅनफर्डचा २०२४ सालचा अभ्यास त्यासाठी दाखवतात. तो चार महिन्यांचा, २१ जणांचा होता, त्यांत स्किझोफ्रेनियाचे पाच, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. आशा वाटावी इतकं त्यात आहे, घरी स्वतःहून करावं इतकं नाही. वजन उतरवणारी चूर्णं आणि जाहिरातीतले काढे तर नकोच.

थांबू नका अशी लक्षणं

खूप तहान, सारखी लघवी, सोबत उलट्या किंवा ग्लानी. छातीत दुखणं, धाप लागणं. क्लोझापीन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि छातीत धडधड. क्लोझापीनवर असताना तीन दिवस शौचाला न होणं किंवा पोट फुगून दुखणं. यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा, आणि सगळी औषधं सोबत न्या. मनाची घालमेल असेल, कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

सांभाळणाऱ्यांसाठी

हे सगळं एकट्याने ओढायचं नाही. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवणारे प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच हा आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' हा चित्रपटही त्याच धडपडीशी जोडलेला. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था १९९०पासून काम करते आहे. अशा ठिकाणच्या गटांत बसलं की कळतं, रात्री साडेदहाला वाजणारं फडताळ फक्त आपल्याच घरी नाही.

आणि मोजायचं ते मान राखून. चारचौघांत "ढोल्या" म्हणून हाक मारायची आणि मग टेप घेऊन पाठीमागे लागायचं, असं चालणार नाही. वही त्याच्याच हातात द्या, आकडा त्यालाच लिहू द्या. घरात आणखी कुणाची कंबर मोजायची असेल तर तीही त्याच टेपने मोजा, बापाची, भावाची, तुमची स्वतःची.

येत्या रविवारी एवढंच करा: टेप आणा, वही सुरू करा, पहिला आकडा लिहा. आणि पुढच्या ओपीडीला जाल तेव्हा ती वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा.